४८ व्या वर्षी पीएच.डी., नोकरी सांभाळून, सांगलीतून : सल्ला हवा

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेबाचं काम बघते. वय ४८. मुलगी शाळेत जायला लागल्यावर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं, ५८ टक्के आहेत. मुलगी आता पुण्याला शिकते. घरी यजमान, सासूबाई आणि मी.

पीएच.डी.ची इच्छा जुनीच आहे, पण आता विषयच असा समोर आलाय की गप्प बसवत नाही. हरिपूरची पेवं. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर अजून थांबायचं. २००५ च्या पुरात पेवांचं फार नुकसान झालं आणि माल गोदामांत, शीतगृहांत जायला लागला.

आमच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या चोपड्या आहेत. कुणाची किती पोती कुठल्या पेवात गेली, त्या मालावर किती उचल दिली, व्याज काय लावलं, पेव कधी फोडलं आणि त्या दिवशी भाव काय होता, सगळं ओळीनं लिहिलेलं. पानांच्या कडेला हळदीच्या बोटांचे पिवळे ठसे अजून तसेच आहेत. मालक भले आहेत, पण माळा रिकामा करायचा म्हणतात. त्या चोपड्या रद्दीत जाण्याआधी त्यांचं काहीतरी व्हावं, आणि ते नीट, शिस्तीत व्हावं, असं फार वाटतं.

आता विचारायचं ते असं. या वयात प्रवेश मिळतो का? दूरशिक्षणाची एम.ए. चालते का? नोकरी सोडणं शक्य नाही, तर अर्धवेळ करता येते का? आणि ज्यांनी उशिरा केली त्यांनी सुरुवात नेमकी कुठून केली? ओळखीत कुणीच पीएच.डी. नाही, त्यामुळे पहिलं दार कुठलं ठोठवायचं हेच कळत नाही.

---

कोयनाकाठ

ताई, विषय वाचून बरं वाटलं. मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो, विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही केलं. आता निवृत्त आहे. नियमांचं आधी सांगून टाकतो.

वयाची अट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.ची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे, तिच्यात कमाल वय कुठेच नाही. वयाची अट येते ती जेआरएफ या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सूट. तुम्ही बसता. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातली एम.ए. नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. मात्र पीएच.डी. स्वतः दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन होत नाही. तशी करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

अर्धवेळ करता येते. त्यासाठी मालकांचं ना हरकत पत्र लागेल. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं करू. दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यापुढे पुनर्नोंदणी करून दोन. स्त्री संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमच्या हातात जास्तीत जास्त दहा वर्षं. पण ती सवलत अडीअडचणीला राखून ठेवा, पहिल्या दिवसापासून तिच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रवेश दोन वाटांनी. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असेल तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे. पात्रतेला ५० टक्के, आणि पुढे लेखीला ७० व मुलाखतीला ३० असा भार. दुसरी वाट नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तिच्याबद्दल चालू विद्यार्थ्यांनी सांगावं. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे, रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं मिळून झालेलं. दोघांच्या संकेतस्थळांवरची चालू वर्षाची अधिसूचनाच खरी माना, कारण कुठल्या वर्षी कुठल्या विषयात किती जागा हे दरवेळी बदलतं.

पण ताई, हे सगळं कागदाचं झालं आणि कागद होतात. खरी अडचण मार्गदर्शकाची असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी, याहून जास्त घेता येत नाहीत. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली आहेत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आपल्याकडे महाविद्यालयातले अध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे ज्या जाणत्या मंडळींशी तुमचं वयानं आणि विषयानं पटकन जुळेल, नेमके तेच बरेचदा नियमाबाहेर गेलेले असतात. म्हणून अर्ज भरण्याआधी मार्गदर्शक शोधा, आणि त्यांचं निवृत्तीचं वर्ष विचारायला संकोच करू नका.

---

जावळीकर

सरांनी शेवटी जे सांगितलं ते लाख मोलाचं आहे. माझ्याबरोबर कोर्सवर्कला असलेल्या एका बाईंचे मार्गदर्शक मध्येच निवृत्त झाले. सहमार्गदर्शक म्हणून ते पुढेही राहू शकले असते, पण मुख्य मार्गदर्शक कोण यावर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी नवे मार्गदर्शक मिळाले. त्यांना विषयात गोडी नव्हती, आणि बाईंनी अर्ध्यावर सोडलं. हुशार बाई, काम अर्ध्याहून पुढे गेलेलं.

मी साताऱ्याचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पन्नाशीला आल्यावर इतिहासात नोंदणी केली, आता पदवी हातात आहे. विषय पत्री सरकारचा, त्यातही गावोगावची न्यायदान मंडळं. १९४३ ते ४६ या काळात साताऱ्याच्या गावांत तंटे कसे सोडवले गेले, कुणासमोर, शिक्षा काय व्हायच्या.

उशिरा करण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही तो सांगतो. मी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेत होतो. माझ्या आधी तिथे विशीतली मुलं प्रश्नावली घेऊन जाऊन आली होती. त्यांना ठरलेली उत्तरं मिळाली : नाना पाटील थोर, इंग्रज वाईट, चहा घ्या. मी गेलो तेव्हा एका आजोबांनी आधी माझं गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग शेती किती. अर्धा तास माझीच मुलाखत झाली. त्यानंतर त्यांनी उठून आतली खोली उघडली आणि ज्या निवाड्यात त्यांच्या चुलत्याला शिक्षा झाली होती तो सांगितला. आपल्याच घराला लागलेला डाग कुणी पोरासोरासमोर काढत नाही. केस पिकलेल्या माणसासमोर काढतात.

तुम्हाला यार्डातले हमाल, तोलाईदार, जुने दिवाणजी ताई म्हणून ओळखतात. पेव फोडायच्या कामावर असलेली माणसं आता किती उरली असतील? त्यांच्यापासून सुरुवात करा. प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका. चोपड्या टिकतील एखादेवेळी, माणसं थांबत नाहीत.

दुसरं म्हणजे, माझे मार्गदर्शक माझ्याहून वयानं बरेच लहान. पहिल्या भेटीत त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं, मला खुर्ची द्यायला उठले. मी ‘सर’ म्हणायला लागलो, मनापासून, आणि त्यांनी खोडलेली पानं पुन्हा लिहून नेऊ लागलो. दोन-तीन भेटींत वय बाजूला पडलं. जे ज्येष्ठ विद्यार्थी मध्येच सोडतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मी पाहिलं, त्यांना अभ्यास जड गेला नव्हता, लाल शेरे जड गेले होते.

---

रोखठोक

वेगळं मत मांडतो, राग नसावा. पीएच.डी. झाल्यावर करणार काय? आपल्याकडे नेट, सेट, पीएच.डी. सगळं असलेली पोरं तासिका तत्त्वावर महाविद्यालयं फिरतायत. पन्नाशीनंतर कुणी कायम नोकरी देणार नाही. दहा वर्षं कोर्सवर्क, समित्या, फी यात घालवण्यापेक्षा त्याच चोपड्यांवर सरळ पुस्तक लिहा. दोन वर्षांत होईल आणि जास्त लोक वाचतील. पदवीशिवाय संशोधन होत नाही असं थोडंच आहे?

---

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. कोयनाकाठ सर, तुमचं उत्तर छापून घेतलं. जावळीकर दादा, यार्डात पेवाच्या कामावरचे एक आजोबा आहेत, त्यांच्याशी रविवारी बोलायचं ठरवलंय.

रोखठोक, राग कसला? हा प्रश्न यजमानांनीही विचारला होता. नोकरीसाठी करत नाही, ती अपेक्षाच नाही. पुस्तकाचा विचार मी केला. पण मला काय येतं आणि काय येत नाही हे मला माहीत आहे. रोजकीर्द, खतावणी मी डोळे मिटून वाचते. पण चाळीस वर्षांच्या चोपड्यांतून भावाचा कल कसा काढायचा, एका दुकानावरून सगळ्या पेठेबद्दल किती बोलता येतं आणि कुठे थांबायचं, हे मला येत नाही. पुस्तक लिहिलं तर ते चूक आहे असं मला कोण सांगणार? ओळखीचे लोक छान छान म्हणतील. मला कुणीतरी समोर बसून ‘हे सिद्ध होत नाही, परत कर’ असं म्हणणारं हवंय. ते मार्गदर्शक आणि समितीशिवाय मिळेल असं वाटत नाही. या चोपड्यांचं काम एकदाच होणार आहे, तर ते पक्कं व्हावं.

---

रोखठोक

हे पटलं. मग करा, आणि मागे हटू नका.

---

बेदाणा_तासगाव

ताई, मी सध्या पूर्णवेळ संशोधन करतोय, वाणिज्य शाखेत. नेटचं मी सांगतो.

जून २०२४ पासून नेटमध्ये तीन गट आहेत. पहिल्या गटाला जेआरएफ, सहायक प्राध्यापक पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश असं सगळं. दुसऱ्याला सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफला साधारण तिशीची मर्यादा आहे, बाकी दोन्हींना वयाची अट नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून मार्गदर्शकाशी बोलणं झाल्यावरच परीक्षेला बसा, नाहीतर वर्ष फुकट जाईल. तिथेही नेटला ७० आणि मुलाखतीला ३० असा भार आहे.

पेपर एकूण तीन तासांचा. पहिल्या भागात ५० प्रश्न अध्यापन-संशोधन अभियोग्यतेचे, दुसऱ्यात १०० विषयाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. तुमचा आकडेमोडीचा हात चालू आहे, त्यामुळे पहिल्या भागातली तक्त्यांची गणितं तुम्हाला आमच्यापेक्षा सोपी जातील.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. संशोधन पद्धती त्यात असतेच, आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा आहे. ५५ टक्के मिळवावे लागतात. हजेरी लागते, त्यामुळे तुमच्या हंगामाशी त्याची गाठ पडणार नाही असं बघा. फेब्रुवारी ते मे सौदे जोरात असतात, तेव्हा सुट्टी मिळणं कठीण. केंद्रावर वेळापत्रक आधीच विचारून घ्या, काही ठिकाणी शनिवार-रविवार घेतात.

शिष्यवृत्त्या म्हणजे सारथी, बार्टी, महाज्योती वगैरे राज्य सरकारच्या संस्थांच्या. त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत, पगारी नोकरी चालू ठेवून मिळत नाहीत. तेव्हा खर्चाची जुळणी पगारातूनच धरा.

आणि एक कळकळीनं सांगतो. पैसे घेऊन शोधनिबंध छापणारी नियतकालिकं फोनवर फोन करतात. २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची काही अट असेल तर ती बघायची, पण घाबरून कुणाला पैसे देऊ नका. प्रबंध लिहून देणारेही आहेत. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, तरी नवख्या माणसाला ते गोड बोलून घेरतात म्हणून सांगितलं.

---

कोयनाकाठ

बेदाणा, नेमकं सांगितलंत.

ताई, आता विषयाबद्दल. ‘हरिपूरची पेवं : एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गेलात तर कुठल्याही समितीसमोर पहिला प्रश्न येईल, ‘यात प्रश्न कुठे आहे?’ तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये तो प्रश्न दडलेला आहे. तुम्ही लिहिलंत की पेवातल्या मालावर उचल दिल्याच्या नोंदी आहेत आणि पेव फोडलं त्या दिवसाचा भावही आहे. म्हणजे साठवण, कर्ज आणि भाव या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत सापडतात. अर्थशास्त्राच्या माणसाला याहून मोठा ठेवा नाही.

हंगामात भाव पडलेला असतो. ज्याला थांबता येतं तो कमावतो. थांबायला दोन गोष्टी लागतात, माल टिकवायची जागा आणि तोवर घर चालवायला पैसा. पेव पहिली गोष्ट देत होतं आणि उचल दुसरी. मग थांबण्याचा फायदा कुणाला झाला? शेतकऱ्याला, अडत्याला, की बाहेरगावच्या खरेदीदाराला? व्याज आणि पेवाचं भाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय उरलं? हा प्रश्न तुमच्या चोपड्यांतून आकड्यांनी सोडवता येतो.

आणि तो आजचाही आहे. गोदाम पावतीवर कर्ज मिळावं म्हणून २००७ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २०१० मध्ये त्यासाठी प्राधिकरण आलं. सांगलीत हळदीचे वायदे स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्यात पेवाची जागा कुठे होती, हे तुम्ही दाखवू शकता.

काळ आवळा. सगळा इतिहास नको. ज्या वर्षांच्या चोपड्या सलग आहेत तेवढीच वर्षं घ्या, २००५ चा पूर हा शेवट धरा. आणि एकाच दुकानावर थांबू नका. बाजार समितीकडच्या आवक-भावाच्या नोंदी ताडून बघायला लागतील. तुम्ही त्याच दुकानात काम करता म्हणून समिती पक्षपाताचा प्रश्न विचारणारच, त्याचं उत्तर दुसऱ्या साधनातूनच देता येतं.

दोन पानांचं टिपण करा : प्रश्न काय, साधनं कुठली, ती कुठे आहेत, काय मोजणार. ते घेऊन मार्गदर्शकाकडे जा. ‘मला पीएच.डी. करायची आहे’ म्हणत येणारे रोज येतात. असं टिपण घेऊन येणारा क्वचितच येतो, आणि त्याला जागा काढून दिली जाते.

---

मिरजवाली

मी ग्रंथपाल आहे, मला त्या चोपड्यांची काळजी लागलीय, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

ताई, सगळ्यात आधी मालकांकडून लिहून घ्या. या चोपड्या अभ्यासासाठी वापरायला आणि त्यांची छायाचित्रं काढायला परवानगी आहे, शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची नावं प्रबंधात येणार नाहीत, एवढं पुरे. कर्जाच्या नोंदी आहेत, कुणाच्या आजोबांचं देणं कुठे छापून आलं तर वाईट वाटेल. नावांऐवजी क्रमांक वापरा आणि क्रमांकांची वही स्वतःजवळ ठेवा.

मग छायाचित्रं. मोबाइल पुरतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, पान सपाट, कडेला एक पट्टी ठेवून. प्रत्येक चोपडीचं आधी पुठ्ठा, मग सगळी पानं क्रमानं, कोरी पानंसुद्धा. कोरं पान सोडलं तर पुढे कुणी विचारेल मधलं पान कुठे गेलं. फाइलला नाव देताना चोपडी, वर्ष, पान. रोज थोडी करा आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा, त्यातली एक पुण्याला मुलीकडे. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती ती कायमची गेली. त्यानंतर मी कुणालाही एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवू देत नाही.

जुन्या चोपड्यांत मोडी लिपी असेल तर घाबरू नका. मोडीचे वर्ग भरतात, आणि हिशेबाची मोडी पत्रांच्या मोडीपेक्षा लवकर लागते, कारण तेच तेच शब्द परत येतात.

वाचनासाठी शोधगंगा पाहिलीय का? देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. हळद, अडत, बाजार समिती असं शोधा, आणि कुणी आधी काय केलंय ते बघा. प्रबंध कसा दिसतो हेही कळेल. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात एक दिवस काढाच. पुण्याला मुलीकडे गेलात की गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय बघा, शेतमालाच्या बाजारपेठांवरचं जुनं तिथे मिळेल. आणि एक खूण : जुनी सरकारी कागदपत्रं शोधताना ‘सांगली जिल्हा’ एवढंच शोधू नका. १९४९ ते १९६० या काळात हा जिल्हा दक्षिण सातारा होता. त्याआधीचं काही सातारा जिल्ह्यात, काही सांगली संस्थानाच्या नावाखाली. कितीतरी लोक एकच नाव शोधून ‘काही मिळालं नाही’ म्हणून परत जातात.

मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये टंकन करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर वाङ्मयचौर्य तपासणीत नीट वाचला जात नाही आणि शेवटच्या महिन्यात सगळं परत बदलावं लागतं. ती तपासणी होतेच. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीनं कारवाई आहे. संदर्भ ठेवायला झोटेरो वापरा, फुकट आहे.

---

पाचगणीची_पोर

माझी आई ५५ व्या वर्षी मराठीत पीएच.डी.ला बसलीय म्हणून मुद्दाम लिहिते. घरचा सल्ला देते. तिनं पहिल्या वर्षी सगळं सांभाळून अभ्यास केला, म्हणजे रात्री अकरानंतर. तब्येत बिघडली. मग बाबांनी आणि मी ठरवलं, संध्याकाळचा स्वयंपाक आमचा. तिचं टेबल स्वयंपाकघरातून उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावायची सवय घरात सगळ्यांनी लावून घेतली. आजीला सगळ्यात अवघड गेलं. आता पाहुणे आले की आजीच सांगते, ‘ती अभ्यासाला बसलीय, नंतर भेटेल.’ काकू, सासूबाईंना आधी विश्वासात घ्या, त्या तुमच्या बाजूनं उभ्या राहिल्या की बाकी कुणी काही बोलत नाही.

आणि जर्मनीतल्या इंगेबोर्ग रापोपोर्ट यांच्याबद्दल वाचा. १९३८ मध्ये त्यांचा घटसर्पावरचा प्रबंध तयार होता, पण आई ज्यू म्हणून नाझी राजवटीनं तोंडी परीक्षाच होऊ दिली नाही. २०१५ मध्ये हॅम्बर्ग विद्यापीठानं ती परीक्षा घेतली. तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. मधल्या काळात झालेलं संशोधन त्यांनी परीक्षेसाठी नव्यानं समजून घेतलं होतं. आईच्या टेबलासमोर त्यांचा फोटो लावलाय.

---

जावळीकर

घरावरून आठवलं. रोजची ठरावीक वेळ ठेवा, मग ती थोडी का असेना. मी पहाटे शाळेआधी बसायचो. सुट्टीत सगळं करू म्हणणाऱ्यांची सुट्टी लग्नकार्यात जाते. आणि दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती सांगावी लागते. तिचा धसका घेऊ नका. ती तारीख जवळ आली की काम आपोआप पुढे सरकतं. माझी अर्धी प्रकरणं त्या तारखांमुळेच पूर्ण झाली.

---

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. दोन दिवस धागा पुन्हा पुन्हा वाचतेय.

झालं ते सांगते. मालकांशी बोलले. रद्दीचं थांबलं. पत्र देतो म्हणाले, आणि त्यांच्या वडिलांच्या हातच्या चोपड्या घरी आहेत त्याही देतो म्हणाले. म्हणजे सलग वर्षं आणखी मागे जातील. रविवारी त्या आजोबांकडे गेले होते. पेवाच्या तळाला आणि भिंतींना गवताचा, पाल्याचा थर कसा द्यायचा ते त्यांनी हातानं करून दाखवलं, आणि कुठल्या मातीत पेव टिकतं हे पायानं दाबून कसं ओळखायचं तेही. मी नुसतं ऐकत होते, रेकॉर्डिंग त्यांना विचारूनच केलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सौद्याच्या दिवसांत तू घरी नसतेसच, तेव्हा कुठे आमचं अडलं?’ एवढं बोलून विषय संपवला.

कोयनाकाठ सर, टिपण लिहायला घेतलंय. पण प्रश्न एका वाक्यात बसत नाही अजून. सध्या असा आहे : ‘पेवातल्या साठवणीमुळे आणि त्यावरच्या उचलीमुळे हळद उत्पादक शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर काय परिणाम झाला?’ चालेल का?

मिरजवाली ताई, मालकांच्या घरच्या चोपड्या बऱ्याच जुन्या आहेत, काहींना वाळवी लागलीय. आणायच्या कशा?

---

कोयनाकाठ

चालेल. ‘भावावर’ ऐवजी ‘निव्वळ उत्पन्नावर’ करा, कारण व्याज आणि भाडं वजा जायचं आहे. कुठला काळ आणि कुठली बाजारपेठ ते शीर्षकात घाला. टिपण झालं की मला निरोप पाठवा, वाचून शेरे मारून देतो. विद्यापीठात आणि सांगली-मिरजेत या विषयाकडे कल असलेले आणि निवृत्तीला बरीच वर्षं असलेले दोघं-तिघं माझ्या माहितीत आहेत. त्यांना आधी विचारतो आणि मग तुम्हाला खासगीत नावं कळवतो.

---

मिरजवाली

वाळवी लागलेल्या आधी वेगळ्या काढा, चांगल्यांबरोबर एका गठ्ठ्यात बांधू नका. मऊ कोरड्या ब्रशनं माती झाडा, पुसायला ओलं फडकं अजिबात नको. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, तशीच राहू द्या, मी येऊन बघते. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट होतं. धुतलेल्या सुती कापडात, आडव्या, एकावर एक तीन-चारच ठेवून आणा. प्रत्येक गठ्ठ्यात कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, कुठल्या कपाटातून कुठल्या क्रमानं काढल्या. आणि पावसाआधी हलवा, मे संपायच्या आत. शनिवारी दुपारनंतर मला वेळ असतो, यार्डात येऊ का?